अण्णांनी सोडलेला बॉल

मला एकूण बावीस आवाज येतात. आमच्या करमाळ्याच्या हेडसरांचा, एसटी स्टँडवरच्या अनाउन्सरचा, इंदिरानगरच्या ऑफिसातल्या माझ्या मॅनेजरचा, प्रेशर कुकरचा, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचासुद्धा. कुणीही, कधीही फर्माईश करावी, मी सुरू. फक्त एक आवाज मी आता काढत नाही. तो मादप्पांचा. का नाही काढत, हे सांगायचं तर आधी अण्णांचं सांगायला पाहिजे. आणि अण्णांचं सांगायचं म्हणजे मला परत थोडं घाबरायला पाहिजे, कारण त्यांच्या घरात राहिलो ती अडीच वर्षं मी घाबरण्याशिवाय फारसं काही केलंच नाही.

अण्णा म्हणजे माझे घरमालक. जे. पी. नगरला खाली ते आणि त्यांची बायको, अक्का, वरच्या खोलीत मी. खरं नाव श्रीपादराव, पण अख्ख्या गल्लीत त्या नावाने हाक मारणारा फक्त पोस्टमन. त्यांचे आजोबा साताऱ्याकडून बंगलोरला आले आणि राहिले, त्यामुळे अण्णांचं मराठी म्हणजे आपल्या वरणात त्यांचा रसम पडल्यासारखं. मध्येच 'स्वल्प', म्हणजे थोडं, मध्येच 'सरी', म्हणजे बरोबर, ठीक. एका सरकारी कारखान्यात नोकरी, पण हजेरी मैदानावर. कारखान्याच्या हॉकी टीमचे गोलकीपर. निवृत्त झाले ते कारखान्यातून. गोलमधून नाही.

मी खोली बघायला गेलो तेव्हा दार उघडंच होतं आणि दारात अण्णा उभे होते. अण्णा कधीच नुसते दारात उभे राहायचे नाहीत, दार भरून उभे राहायचे. गुडघे जरासे वाकलेले, हात अंगापासून थोडे लांब, दोन्ही करंगळ्या बाहेरच्या बाजूला वाकड्या. त्यांच्या बाजूने मांजर आत गेलं असतं तर मी मांजराला सलाम केला असता.

"खोली?"

"हो काका."

"मराठी?"

"हो."

"सरी," असं म्हणून त्यांनी हातातलं मोसंबं माझ्या तोंडावर फेकलं.

मी खाली बसलो. मोसंबं मागच्या मीटरच्या पेटीवर आपटून फुटलं. मग अण्णा शांतपणे म्हणाले, "धर."

हे त्यांचं नेहमीचं. आधी फेकायचं, मग 'धर' म्हणायचं.

"खाली बसलास," ते म्हणाले.

"सॉरी काका."

"सॉरी कशाला? भांडणारा नाहीस, भाडेकरू म्हणून चांगला. गोलकीपर म्हणून शून्य. काका नको म्हणू, अण्णा म्हण. सामान कधी आणतोस?"

त्या घरात वस्तू हातात देत नसत. किल्ल्या, लिंबं, साबण, पेपरची गुंडाळी, सगळं हवेतून यायचं. अक्का गॅसकडे तोंड करून उभ्या असायच्या आणि मागून आलेलं लिंबू न बघता पदरात घ्यायच्या. मी मात्र जिन्यावरून उतरताना आधी डोकं बाहेर काढून बघायचो. ऑफिसात लोक म्हणायचे, तू मान अशी का फिरवतोस? त्यांना काय सांगू, घरमालक फेकतात म्हणून?

माझं हे खाली बसणं अण्णांच्या फार मनाला लागलं होतं. एका रविवारी त्यांनी मला गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "मागे टाकी दिसते? तो गोल. आता मी बॉल घेऊन येतोय. काय करशील?"

"मागे सरकेन."

"मागे गेलास की गोल मोठा होतो. माझ्या डोळ्याने बघ. तू टाकीला चिकटलास की मला दोन्ही बाजूला टाकी दिसते. स्वल्प पुढे ये. अजून. आता मला टाकी दिसतच नाही, नुसता तू दिसतोस."

"पण अण्णा, पुढे आलं की बॉल जास्त जोरात लागणार ना?"

"लागणारच. भीती वाटणार. भी की! कोण नको म्हणतंय? पण भ्यायचं ते पुढे येऊन भ्यायचं."

हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. अक्कांना बँकेत जायची भीती वाटायची, ह्यांचा सल्ला, पुढे ये. मला अप्रेझलची भीती, पुढे ये. रस्ता ओलांडताना तर ते बीएमटीसीच्या बसकडे तोंड करून हात पसरून चालायचे, आणि बस थांबायची. ड्रायव्हर शिव्या द्यायचा. अण्णा म्हणायचे, "बघितलंस? अँगल बंद केला."

आता माझी खरी भीती कुठे सुरू झाली ते सांगतो.

मला तिथे राहायला येऊन पंधराएक दिवस झाले होते. दुपारी खाली जेवायला बोलावलं होतं. बिसीबेळेभात, वर तूप. एकदम करंट गेला, पंखा थांबला, फ्रिज थांबला. आणि त्या शांततेत मला कुठूनतरी आवाज आला. टिक. टिक. टिक. मी भिंतीवर बघितलं, घड्याळ नव्हतं. मनगटावर बघितलं, तिथेही नव्हतं. अण्णा पापड खात होते. पापड संपला तरी टिकटिक चालूच.

मला आवाज ऐकला की काढल्याशिवाय राहवत नाही. मी जीभ टाळूला लावून हुबेहूब तसंच 'टिक, टिक' केलं. अक्कांचा हात वाढता वाढता थांबला.

"निखिल, तो आवाज नको," त्या म्हणाल्या.

अण्णा मात्र खूश. "एनो, सही काढतो! ए टेपरेकॉर्डर, हे माझं हृदय आहे." त्यांनी शर्टाचं बटण काढून छातीवरचा उभा व्रण दाखवला. "आत धातूची झडप घातली आहे. मिटते, टिक. फुकटचं घड्याळ. फक्त वेळ दाखवत नाही."

जेवण झाल्यावर अक्कांनी मला मागच्या अंगणात सांगितलं. झडप धातूची, तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवायची गोळी. आणि रक्त पातळ, म्हणून जखम वाहायची थांबत नाही. बाहेरची जखम एकवेळ दाबून धरता येते. डोक्याला आतून मार लागला तर दाबणार कुठे? डॉक्टरांनी बजावलं होतं, डोक्याला मार लागता कामा नये. "मी ह्यांना शिडीवर चढू देत नाही," अक्का म्हणाल्या. "तुझंही लक्ष असू दे."

त्या दिवसापासून करंट गेला की मी आधी कान द्यायचो. टिक ऐकू आलं की मेणबत्ती शोधायचो.

मादप्पा रविवारी सकाळी यायचे. कूर्गचे, सहा फुटी, मिशा अशा की वाफाळती कॉफी आधी मिशांना प्यायला मिळायची. अण्णा गोलमध्ये असताना हे त्यांच्या पुढे, फुलबॅक. आणि आवाज? दगडी फरशीवरून लोखंडी पेटी ओढावी तसा. हॉकीत एक नियम आहे, तो मला अण्णांनी डाळीच्या दाण्यांनी ताटात काढून शिकवला. गोलसमोर अर्धगोल आखलेला असतो. बॉल त्या अर्धगोलाच्या आतून मारला तरच गोल. बाहेरून कुणी मारला आणि कुणालाही न लागता थेट गोलमध्ये गेला, तर गोल नाही. पण गोलकीपरच्या पॅडला लागून बॉल समोरच्या माणसाकडे गेला, तर तो आतून मारून गोल करू शकतो. म्हणून बाहेरून आलेला बॉल सोडून द्यायचा. हलायचं नाही, उलट पाय उचलून वाट द्यायची.

"पण आतून की बाहेरून, हे तुम्हाला गर्दीत दिसतं कसं?" मी विचारलं.

"नाही दिसत," अण्णा म्हणाले. "मादप्पाला दिसतं. तो ओरडतो, 'होरगे! बिडो!' बाहेरून आहे, सोड. तो बोलला की मी पाय उचलतो."

"आणि त्यांचं चुकलं तर?"

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी जेवणाच्या पानात पाय ठेवला.

एकदा फायनलला असंच झालं. बॉल आला, मादप्पा ओरडले, अण्णांनी डावा पाय उचलला, बॉल खालून गेला, गोलच्या मागच्या फळीवर ठाणकन वाजला. अख्खं मैदान गोल गोल म्हणून नाचायला लागलं. अण्णा पाय खाली ठेवून नुसते उभे. वळून बघितलंसुद्धा नाही. मग अंपायरने हात हलवला, गोल नाही. "अडवायला काय लागतं?" अण्णा म्हणाले. "अंग लागतं. सोडायला मादप्पा लागतो."

मी तो आवाज तिथल्या तिथे काढला. "होरगे! बिडो!" मादप्पांच्या नाकातून कॉफी आली. आणि अण्णांचा डावा पाय, खुर्चीत बसल्या बसल्या, टुणकन वर उडाला. अण्णांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. मग प्रत्येक रविवारी हा खेळ. मी कुठूनही ओरडायचो, जिन्यातून, बाथरूममधून, आणि अण्णांचा पाय वर.

आता गोल्फ. हे सगळे जुने हॉकीवाले आणि सध्या लीगमध्ये खेळणारे तरुण हॉकीवाले मिळून वर्षातून एकदा गोल्फची स्पर्धा भरवायचे. गाव संपल्यावरचं एक मोठं हिरवं मैदान. कंपन्यांचे साहेब, कारखानदार लोक पैसे भरून येणार, हॉकी खेळाडूंबरोबर गोल्फ खेळणार, आणि जे जमेल ते मुलींच्या एका हॉकी हॉस्टेलला. मला अण्णांनी माइकवर ठेवलं. "तोंड चालतं तुझं, तिथे चालव. बिर्याणी मिळेल."

हॉकीवाल्यांचं गोल्फ कधी बघितलंय का? बघू नका. गोल्फमध्ये बॉल थांबलेला असताना मारायचा असतो. ह्यांना थांबलेला बॉल बघवत नाही. एकाने मारला की दुसरा धावत जाऊन तो चालता बॉल काठीने अडवणार आणि तिसऱ्याला पास देणार. एक साहेब हात जोडून म्हणत होते, "सर, प्लीज, बॉल माझा आहे." आणि पेनल्टी कॉर्नर मारणारा एक पंजाबी गडी तो बॉल घेऊन झाडाझाडातून तीन जणांना चकवत चालला होता.

आणि गोल्फमध्ये बॉल भलतीकडे गेला की 'फोर!' म्हणून ओरडतात. म्हणजे डोकं सांभाळा. सगळे डोक्यावर हात घेऊन खाली बसतात. मी तर सगळ्यांच्या आधी, मला मोसंब्यांची प्रॅक्टिस. त्या पहिल्या वर्षी 'फोर' आलं, मी बसलो, साहेब बसले, बिर्याणीवाला बसला. वर बघतो तर अण्णा एकटे उभे. उभे नाही, पुढे चाललेले. मान वर, हात पसरलेले, बॉलच्या दिशेने. बॉल त्यांच्या तळहातावर बसला. त्यांनी तो खाली टाकला आणि बुटाने बाजूला केला.

"अण्णा!" माझा आवाजच फुटेना. बावीस आवाजांतला एकही.

"मागे माणसं होती रे," ते म्हणाले. तळहात संध्याकाळपर्यंत जांभळा झाला. अक्कांना सांगितलं, दारात सापडला.

स्पर्धेच्या शेवटी एक खास प्रकार असायचा. गोल्फच्या शेवटच्या हिरवळीजवळ हॉकीचा गोल लावायचा, पुढे चुन्याने अर्धगोल आखायचा. अण्णा पूर्ण किट घालून गोलमध्ये. पाहुण्यांनी गोल्फच्या काठीने गोल्फचा बॉल मारायचा. अण्णांनी अडवला, तर त्या पाहुण्याने हॉस्टेलच्या गोलकीपरसाठी किटमधली एक वस्तू द्यायची. गोल झाला, तर नाही. मादप्पा रेषेवर उभे. कुणी साहेब जोर घ्यायला मागे सरकला की "होरगे!" म्हणून त्याला दंडाला धरून आत आणायचे आणि म्हणायचे, "निधान, सर, निधान." हळू मारा. त्यांचा हात दंडावर असला की सगळेच हळू मारायचे. अक्कांना वाटायचं, अण्णा तिथे बक्षिसं वाटतात. सांगायचं नाही, अशी मला तंबी होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मादप्पा गेले. गावी कॉफीच्या मळ्यात चालता चालता बसले, ते उठलेच नाहीत. अण्णा जाऊन आले. पुढच्या रविवारी दोन कप बाहेर काढून ठेवलेले मी बघितले. कुणाला बरं वाटावं म्हणून काय करायचं असतं, हे मला एकच माहीत. मी घसा खाकरला. अक्का स्वयंपाकघरातून इतक्या वेगाने आल्या की मी जिन्याला पाठ लावली.

"तो आवाज ह्या घरात काढायचा नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही. त्यांचा पाय उचलला जाईल आणि समोर कुणी नसेल."

मी शपथ घेतली.

मग पुन्हा स्पर्धा आली. त्याच्या आठवडाभर आधी अण्णा हॉस्टेलवर गेले होते, ते येऊन न जेवता बसले. तिथली गोलकीपर शांती म्हणून भद्रावतीकडची मुलगी. किट फाटलेलं, ते एक वेळ चाललं असतं. पण डोक्याला तिने स्कूटरचं हेल्मेट घातलं होतं, पुढची काच काढून.

"स्कूटरचं रे," अण्णा म्हणाले. "बाजूचं काही दिसत नाही. तोंड उघडं. आणि ती पोरगी पुढे येते! मी तिला काही शिकवलं नाही, तरी येते!"

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर अण्णांचं किट पुसत होतो. पॅड, बुटांवरचे ते मोठे फोमचे किकर, ग्लोव्हज, छातीचं गार्ड, हेल्मेट. हेल्मेट जुनं, पुढे सळ्यांची जाळी. माझ्या खिशात गेल्या वर्षीचा एक गोल्फचा बॉल होता. सहज चाळा म्हणून मी तो जाळीला लावला.

टुप. बॉल आत.

मी तो काढला. परत लावला. परत आत. घासलासुद्धा नाही. ती जाळी हॉकीच्या बॉलसाठी होती, तो केवढा मोठा असतो. गोल्फचा बॉल जाळीला ओळखतच नव्हता.

मी हेल्मेट घेऊन खाली धावलो. अक्का देवाला गेल्या होत्या. "अण्णा, हे बघा."

अण्णांनी बघितलं. मग बॉल आत ठेवून हेल्मेट कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखं हलवलं. "हं. जातोय खरा."

"उद्या उभं राहू नका."

"राहतो."

"मी अक्कांना सांगीन."

"सांग. मग शांतीला हेल्मेट तू दे."

"देतो! ऑनलाइन मागवतो, आत्ता!"

"आणि मी काय करू? बक्षिसं वाटू?" ते हसले नाहीत. पहिल्यांदाच हसले नाहीत. पंखा बंद होता. टिक, टिक, टिक. "डोक्यापर्यंत येऊ द्यायचा नाही, एवढंच. रेषेवर कुणी नाही ह्या वेळी. तू माइकवरून बघ. कोण मागे सरकलं तर सांग."

मी अक्कांना सांगितलं नाही. चारदा जिना उतरलो आणि चारदा चढलो.

दुसऱ्या दिवशी मी माइकवर इतका बोललो की लोक हसून हसून दमले. मी घाबरलो की विनोद जास्त येतात, हे करमाळ्याच्या हेडसरांनाही कळलं होतं, छडी खाताना. सगळं आटपून शेवटी लोक गोलजवळ जमले. शांती फळीच्या मागे उभी, काखेत ते स्कूटरचं हेल्मेट. अण्णा किट घालून चालत आले. एका बाजूच्या खांबाला हात लावला, दुसऱ्याला लावला. मग दोन पावलं पुढे आले.

पहिला बॉल, एका बँकेचे साहेब. अण्णांनी किकरने बाजूला केला. पॅड मिळाले. दुसरा, सॉफ्टवेअरवाल्या बाई, चांगला उंच मारला. अण्णांनी हाताने खाली दाबला. किकर मिळाले. तिसरा, चौथा. ग्लोव्हज. छातीचं गार्ड. टाळ्या पडत होत्या. प्रत्येक बॉलला मी डोळे मिटत होतो आणि आवाजावरून कॉमेंट्री करत होतो. राहिलं फक्त हेल्मेट.

पाचवे म्हणजे बोम्मसंद्र्याचे पंपवाले साहेब. माणूस चांगला, दरवर्षी येणारा, पण गेल्या वर्षी ह्यांची काठी बॉलला लागलीच नव्हती, नुसतं गवत उडालं होतं. आणि माइकवरून त्या गवतावर मी पाच मिनिटं विनोद केले होते. ह्या वर्षी त्यांनी छोटी काठी परत दिली आणि सगळ्यात लांब, सगळ्यात मोठ्या डोक्याची काठी मागवली. त्या काठीने बॉल तळ्यापलीकडे जातो.

"सर, निधान," मी माइकवर म्हणालो. लोकांना वाटलं विनोद. हसले.

साहेबांनी बॉल ठेवला. मी रेषेकडे बघितलं. बॉल बाहेर असू दे, अशी मी मनात भीक मागत होतो. बॉल आत होता. चुन्याच्या आत वीतभर, मला स्पष्ट दिसला. त्यांनी काठी खांद्यामागे नेली, पार मानेमागे. अण्णा अजून एक पाऊल पुढे आले. जाळीच्या सळ्यांमधून मला त्यांचे डोळे दिसले आणि त्या सळ्यांमधली जागा दिसली.

काठी खाली आली आणि माझ्या तोंडातून आवाज गेला. मी काढला नाही. गेला.

"होरगे! बिडो!"

चार लाउडस्पीकरमधून मादप्पा ओरडले.

अण्णांचा डावा पाय उचलला गेला. बॉल त्याच पायाखालून, घोट्याएवढ्या उंचीवरून, सरळ गेला आणि फळीवर वाजला. ठाण.

घोट्याएवढ्या. डोकं नाही, छाती नाही. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी तो अडवला असता.

कुणालाच काही कळेना. पंपवाले साहेब नाचायला लागले. अण्णांनी पाय खाली ठेवला. त्या फायनलला त्यांनी वळून बघितलं नव्हतं. आज बघितलं, पण फळीकडे नाही. रेषेकडे बघितलं. जिथे मादप्पा उभे असायचे तिथे. तिथे गवत होतं. मग हळूहळू त्यांची मान माझ्याकडे वळली, आणि मी माइक खाली ठेवला.

साहेब धावत आले, "सर, हेल्मेट मी देतोच, गोल काय, गंमत!"

"नाही," अण्णा म्हणाले. "गोल म्हणजे गोल." मग त्यांनी हनुवटीखालचा पट्टा सोडला, स्वतःचं हेल्मेट काढलं आणि फळीमागे जाऊन शांतीच्या डोक्यावर ठेवलं. तिला मोठं होत होतं. त्यांनी पट्टा आवळून दिला. "हॉकीचा बॉल आत येत नाही," ते तिला म्हणाले. "घाबरू नको. मुंदे बा." पुढे ये.

येताना गाडी मी चालवत होतो. काचा वर. टिक, टिक, टिक. बन्नेरघट्टा रोडच्या सिग्नलला थांबलो. तिथे अण्णा म्हणाले, "आतून होता रे."

"हो अण्णा."

"तुला दिसला होता?"

"दिसला होता."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"मादप्पाचं कधी चुकलं नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "आवाज मात्र एकदम सरी. मला वाटलं, आला."

मी रडत गाडी चालवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची मेहरबानी.

त्यानंतर अण्णा गोलमध्ये कधी उभे राहिले नाहीत. हेल्मेट नव्हतं ना. मी जगलो एवढ्यासाठी की अक्कांना सगळं कळल्यावर त्या मला ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "मीही तेच केलं असतं. मला तो आवाज येत नाही, म्हणून." पण मला ते पटलेलं नाही. तो बॉल कसा येणार हे मला माहीत नव्हतं, हे खरं. अण्णांनाही माहीत नव्हतं. ते पुढे आले होते. मी मागे गेलो, आणि जाताना त्यांनाही घेऊन गेलो.

अण्णा गेले ते त्यानंतर सात-आठ महिन्यांनी. डोक्याला काहीही लागलं नव्हतं. दुपारी खुर्चीत बसले होते. करंट गेला, पंखा थांबला, फ्रिज थांबला. अक्का स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी सांगितलं, मी हाक नाही मारली, बघायलाही लगेच गेले नाही. घरात काहीच वाजत नव्हतं, तिथेच कळलं.

मी तेव्हा पुण्यात होतो. त्यांना शेवटचं बघितलं ते मी जे. पी. नगर सोडलं त्या सकाळी. बॅगा रिक्षात ठेवल्या होत्या. अण्णा दारात उभे होते, पण एका बाजूला, अर्धं दार मोकळं ठेवून. हातात मोसंबं होतं. मी फाटकापाशी थांबलो, पिशवी खाली ठेवली, हात मोकळे केले. म्हटलं, आज खाली बसायचं नाही. स्वल्प पुढेसुद्धा सरकलो.

अण्णांनी फेकलं नाही. पायऱ्या उतरून, कठड्याला धरत, माझ्यापर्यंत चालत आले. माझा तळहात वर करून त्यात ते मोसंबं ठेवलं आणि वरून माझी बोटं एकेक करून मिटली.

"धर," म्हणाले.